लोखंड लागू देऊ नका

खिलारमाळच्या जोतीरामाच्या अंगात वर्षातून एकदा बिरोबा यायचा. बाकीच्या दिवसांत तो पिकअप चालवायचा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पोचवायचा आणि लग्नासाठी मुली बघायचा. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड होतं. ज्याच्या अंगात देव येतो त्याला मुलगी द्यायला बापलोक बिचकतात. न जाणो, सासऱ्याचंच काही देवानं चारचौघांत उकरून काढलं तर काय घ्या.

दिवाळी उलटली की माळावरच्या देवळापुढं यात्रा भरायची. ढोल-कैताळं घुमायला लागली आणि उधळलेल्या भंडाऱ्यानं माणसं पिवळीजर्द झाली की तात्याबा पुजारी काळं घोंगडं अंथरायचा. जोतीराम त्याच्यावर अनवाणी उभा राहायचा. आधी तळपाय तापायचे, मग पोटऱ्या थरथरायच्या, आणि त्यापुढचं त्याला काहीच आठवायचं नाही. भानावर यायचा तेव्हा लोक पाया पडत असायचे. येत्या सालाचा पाऊस, पीकपाणी, रोगराई यांबद्दल देव त्याच्या तोंडून काय बोलून गेला, ते त्याला इतरांकडून कळायचं. ही भाकणूक आधी त्याच्या बापाच्या तोंडून व्हायची. बाप गेला त्या साली ती लेकाकडं आली. घरात आता तो आणि आई रंगूबाई, दोघंच होते.

एका यात्रेला त्याचा मावसभाऊ विश्वजित साताऱ्याहून आला. विश्वजित लग्नांचं शूटिंग करायचा. नवरीला तीनदा रडायला लावण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्यानं भाकणुकीचा व्हिडिओ काढला, पण ढोलापुढं आवाज काही धड आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जोतीरामाला तो दाखवला आणि जोतीराम दगडासारखा बसून राहिला. देव आपल्या तोंडून कसा बोलतो, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. आवाज त्याचाच होता, पण घोगरा, खालच्या पट्टीतला, शब्द तोडून तोडून बोलणारा. ते ऐकताना त्याच्या अंगावर काटा आला. तरी त्यानं तो व्हिडिओ पुन्हा लावला, आणि नंतर पुन्हा.

विश्वजित म्हणाला, शब्द देवाचेच आहेत, आपण काही पदरचं घालत नाही, फक्त आवाज नीट येण्यापुरतं एकदा म्हणून दाखव. यात्रा उठल्यावर मोकळ्या झालेल्या पटांगणात जोतीरामानं ते म्हणून दाखवलं. वरचा ढग खाली वाकंल, खालचा माणूस वर बघंल, तूर तारंल, कांदा रडवंल. घोगरा आवाजही जमला, कारण तो आता ऐकून पाठ झाला होता. खऱ्या भाकणुकीचा व्हिडिओ गावच्या चार माणसांनी पाहिला आणि हा दुसरा लाखांनी पाहिला. त्या साली कांद्यानं खरंच रडवलं. कांदा दर दोन वर्षांनी कुणाला ना कुणाला रडवतोच, पण हे सांगणाऱ्याचं कोण ऐकतं.

मग चॅनल निघालं. लोक विचारायला लागले, पुढं काय, आमच्या भागात पाऊस कधी, हळद धरून ठेवू का विकू. जोतीराम आधी म्हणायचा की देव असा रोज बोलत नाही, तो काय दुकान मांडून बसलाय का. विश्वजितनं समजूत घातली. देव म्हणून बोलू नको, जाणता माणूस म्हणून बोल, आवाज तेवढा तोच ठेव. मग दर रविवारी एक व्हिडिओ व्हायला लागला. महाबळेश्वरचा एक स्ट्रॉबेरीवाला विचारून रोपं लावायला लागला, वाईहून एक कुटुंब गाडी करून पाया पडायला आलं. मुलींचे बापही आता बिचकेनासे झाले. एकानं तर लेकीचा फोटो पाठवताना खाली लिहिलं होतं की आम्ही सगळे तुमचे फॉलोअर आहोत.

जोतीरामाला हे आवडत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. त्याला आवडत होतं. पण रात्री अंथरुणावर पडलं की एक भीती हळूच छातीवर येऊन बसायची. तो पाय एकमेकांवर घासून पाहायचा. तळवे गार असायचे. देव जर हे सगळं बघत असेल, तर पुढच्या यात्रेला तो येईल का, असं मनात यायचं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? ज्याला सांगावं तो पाया पडायला वाकायचा.

उन्हाळ्यात चॅनल घसरायला लागलं. पाऊस आणि कांदा ऐकून लोक कंटाळले. विश्वजित म्हणाला, असं काही बोल की माणसाचं बोट पडद्यावर थांबलं पाहिजे. त्याच आठवड्यात पिकअपचा मागचा लोखंडी फाळका पाडताना जोतीरामाचा पंजा चिरला होता आणि टाके पडले होते. कॅमेरा चालू झाला, डोक्यात दुसरं काही नव्हतं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. घोगऱ्या आवाजात तो बोलून गेला, "ह्या सालात अंगाला लोखंड लागू देऊ नका. लोखंड रगत मागतंय."

बोलून झालं आणि त्याच्या स्वतःच्याच अंगावर शहारा आला. विश्वजितनं अंगठा वर केला. त्या व्हिडिओनं आधीचे सगळे व्हिडिओ मागं टाकले. लोकांनी आपापले अर्थ लावले. कुणी नवी गाडी घ्यायचं पुढं ढकललं, कुणी विळ्याला लिंबू बांधलं. जोतीराम मनाला बजावत राहिला की आपण फाळक्याबद्दल बोललो, फाळका लोखंडाचाच असतो, यात खोटं काय आहे.

दसऱ्याच्या आसपास तो हळद घेऊन सांगलीला गेला. महंमदभाई हळदीचे जुने व्यापारी. जोतीरामाच्या बापापासूनचा घरोबा होता. पोती उतरत असताना त्यांनी चहा मागवला आणि सहज विचारलं की आईचं ऑपरेशन नीट झालं ना. जोतीरामाला वाटलं, ते दुसऱ्या कुणाबद्दल विचारतायत. महंमदभाईंनी कप खाली ठेवला. त्यांची बायको रहिमतबी पावसाळ्याच्या सुरवातीला मिरजेला दवाखान्यात गेली होती, तिथं रांगेत तिला रंगूबाई भेटली होती. छातीत गाठ होती. डॉक्टर म्हणाले होते की आत्ता लहान आहे, काढून टाका, उशीर करू नका. दोघी बायका एका बाकावर बसून रडल्या होत्या.

"तुला म्हाईत न्हाई व्हय?" महंमदभाईंनी विचारलं.

पावसाळ्याची सुरवात म्हणजे किती महिने झाले ते जोतीरामाला बोटांवरही मोजता येईना. परतीच्या वाटेवर दोनदा त्यानं पिकअप कडेला घेतली. आई रोज भाकरी थापत होती, शेरडं सोडत होती, त्याला जेवायला वाढत होती. हल्ली ती डावा हात अंगाशी धरून बसते हे त्यानं पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं.

घरी गेल्यावर त्यानं सरळच विषय काढला. रंगूबाईनं आधी उडवून लावलं, मग रहिमतबीच्या नावानं बोटं मोडली, आणि शेवटी चुलीपुढं बसून शांतपणे सांगितलं की ती ऑपरेशन करणार नाही. तारीख ठरली होती. त्याच आठवड्यात शेजारच्या पोरानं फोनवर तिला व्हिडिओ दाखवला होता. अंगाला लोखंड लागू देऊ नका, असं देवानंच सांगितलं होतं. डॉक्टरची सुरी लोखंडाचीच की.

जोतीराम तिच्यापुढं खाली बसला. त्यानं तिला सगळं सांगितलं. फाळका, टाके, विश्वजित, पाठ केलेला आवाज, काहीही लपवलं नाही. आईच्या पायाला हात लावून शपथ घेतली की ते देवाचं नव्हतं, आपण आपल्या मनानं बोललो.

रंगूबाई ऐकून घेत होती. मग ती म्हणाली, "तुला काय ठावं? तुझ्या बाला बी कवा ठावं नसायचं. देव बोलून जातो आन माणसाला वाटतं आपुन बोललो."

ती खरं तेच सांगत होती. भाकणूक कुणाच्या तोंडून होते, त्याला तिच्यातलं काही कळत नाही, हे लहानपणापासून तिनंच त्याला शिकवलं होतं. देवाचं बोलणं फिरवायचं तर ते देवानंच फिरवायला पाहिजे. जोतीरामाच्या शब्दाला तिथं कवडीची किंमत नव्हती. त्यानं रागावून पाहिलं, रडून पाहिलं, तिला उचलून गाडीत घालायला निघाला. तिनं दाराची चौकट धरून ठेवली.

मग तो विश्वजितच्या मागं लागला. तो व्हिडिओ काढून टाक म्हणाला. विश्वजित घाबरला, मावशीचं ऐकून त्याचे डोळे भरले, त्यानं लगेच व्हिडिओ काढला. पण तोवर तो कितीतरी जणांनी उचलून आपापल्या पानावर टाकला होता. कुणी त्याला संगीत लावलं होतं, कुणी खाली रक्ताचे थेंब काढले होते. काढून टाकल्यावर तर लोकांची खात्रीच पटली की सरकारनं दडपलं. त्या रविवारी जोतीरामानं साध्या आवाजात सांगून पाहिलं की बाबांनो, दवाखान्यात जा, माझ्या बोलण्यावर काही थांबवू नका. तो व्हिडिओ कुणी पाहिलाच नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी खाली लिहिलं की आज बाबांचा आवाज लागला नाही.

आता एकच वाट उरली होती. यात्रेत देव यावा, त्यानं खरंखुरं बोलावं, आणि आईला जा म्हणून सांगावं. जोतीरामानं पायताण सोडलं, एक वेळचं जेवण सोडलं, फोन तात्याबाकडं देवळात ठेवून दिला. पहाटे देवळाच्या फरशीवर अनवाणी उभा राहून तो वाट बघायचा. तळवे तापले नाहीत. पूर्वी यात्रेच्या आधी आठवडाभर पायाला मुंग्या यायच्या, त्याही आल्या नाहीत. आणि एकीकडं आई कूस बदलताना कण्हायची ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं. देवानं रागवावं, शाप द्यावा, पण यावं, असं तो म्हणायचा. गाभाऱ्यातून काहीही आलं नाही.

यात्रेला कधी नव्हे एवढी गर्दी लोटली. सातारा, वाई, कराडकडच्या गाड्या माळावर उभ्या राहिल्या. विश्वजितनं फोनचा स्टँड लावून लाइव्ह सुरू केलं होतं. जोतीराम नको म्हणाला होता, पण आवारात शंभर फोन वर झालेले असताना एकाला नको म्हणून काय होणार? ढोल सुरू झाले. तात्याबानं घोंगडं अंथरलं, जोतीरामाच्या कपाळावर भंडाऱ्याची मूठ मारली, आणि जोतीराम उभा राहिला.

पायाखालचं घोंगडं त्याला खरखरीत लागलं, आणि तेव्हाच त्याला कळून चुकलं. देव येतो तेव्हा घोंगडं लागत नाही. त्यानं डोळे मिटले. ढोलाची गत वाढली. तात्याबानं पुन्हा भंडारा टाकला. तळवे बर्फासारखे गार होते. ढोल वाजवणारे घामाघूम झाले, एकमेकांकडं बघायला लागले. गर्दीत चुळबूळ सुरू झाली. जोतीरामानं डोळे किलकिले केले तर पहिल्या रांगेत रंगूबाई दिसली. डावा हात अंगाशी धरून, पदर डोक्यावर घेऊन ती बसली होती. एवढ्या महिन्यांत ती किती वाळली हे त्याला लांबून पाहिल्यावर दिसलं.

यात्रेत त्यानं कधी खोटं केलं नव्हतं. मोकळ्या पटांगणात केलं, गाडीत केलं, विश्वजितच्या साताऱ्याच्या दुकानात पडद्यापुढं बसून केलं, पण या घोंगड्यावर कधी नाही. ही एक जागा अजून स्वच्छ आहे, याच आधारावर तो दिवस काढत होता. त्यानं मान हलवली. खांदे उडवले. घोगरा आवाज काढला.

गर्दीनं असा जयजयकार केला की ढोल ऐकू येईना. तो पावसाचं बोलला, तुरीचं बोलला. एकही माणूस हे वेगळं आहे म्हणाला नाही. तात्याबाच्या डोळ्यांत पाणी आलं, अलीकडच्या सालांत अशी भाकणूक झाली नाही म्हणून तो शेजारच्याला सांगत होता. ते बघून जोतीरामाला आणखीच भीती वाटली. देव आला काय आणि नाही आला काय, इथं कुणाचंच अडत नव्हतं.

मग त्यानं मुद्द्याला हात घातला. लोखंडाचं विघ्न टळलं, म्हणाला. ज्याला डॉक्टरनं बोलावलं असंल त्यानं जावं, आजच्या आज जावं, सुरीला भिऊ नये.

रंगूबाई उठली. ती घोंगड्यापाशी आली, वाकली, पण तिनं डोकं टेकलं नाही. ती त्याच्या न थरथरणाऱ्या पायांकडं बघत होती. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मान वर केली.

"देवा, पयलं नगं म्हणालास. आता जा म्हणतोस. ह्यातलं तुझं कंचं?"

आताचं माझं, असं म्हणायला काय लागत होतं? ओठांवर आलंही होतं. पण तिची नजर पुन्हा खाली त्याच्या स्थिर, गार पायांवर गेली आणि त्याच्या घशातला घोगरा आवाज बसला.

"पयलं देवाचं न्हवतं, आये," तो म्हणाला. "माझं हुतं."

"आन आताचं?"

"आताचं बी माझंच. देव आला न्हाई."

जवळच्यांनी ऐकलं आणि ढोल थांबला. मग मागच्यांना कळलं, आणि त्यांनी आणखी मागच्यांना सांगितलं. विश्वजितला फोन बंद करावा की चालू ठेवावा कळेना. पडद्यावर बघणाऱ्यांचा आकडा वाढतच होता. तात्याबाच्या हातातलं भंडाऱ्याचं ताट एका बाजूला कललं होतं आणि तिकडं त्याचं लक्ष नव्हतं. कुणीतरी मागून शिवी दिली. चार तरुण पोरं पुढं सरसावली, तात्याबानं हात आडवा करून त्यांना थोपवलं. तेवढ्यात वाईकडचा एक माणूस गर्दीतून पुढं आला. तो रागात नव्हता. त्यानं जोतीरामाला विचारलं की मग ते लोखंडाचंही खोटंच होतं का. जोतीरामानं होय म्हटलं. माझा भाऊ त्याच्यामुळं दवाखान्यात गेला नाही, एवढं तो माणूस म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.

जोतीरामाला त्या भावाचं पुढं काय झालं हे विचारायचं धाडस झालं नाही. त्याचे गुडघे आता खरोखर थरथरायला लागले होते, आणि यात देवाचा काही संबंध नव्हता. लोक मारतील, मारायलाच पाहिजेत, असं त्याला वाटत होतं.

रंगूबाईनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला घोंगड्यावर खाली बसवलं. भाकणुकीच्या दिवशी त्या घोंगड्यावर दुसरं कुणी पाय ठेवत नाही. ती त्याच्या शेजारी टेकली.

"फोनात पाय दिसत न्हाईत रं," ती म्हणाली. "नुसतं तोंड दिसतं."

समोर माणसं उभी होती, फोन वर होते, वाईचा माणूस जागचा हलला नव्हता. रंगूबाईचा हात गार पडला होता. तिनं आजवर कुणालाही हे विचारलं नव्हतं, डॉक्टरला नाही, रहिमतबीला नाही, देवालाही नाही. ती त्याच्या कानाशी आली आणि लहान पोरीसारख्या बारीक आवाजात तिनं विचारलं.

"आपरेशनात लय दुखतं का रं? मी उठंन का त्यातनं?"

"मला ठावं न्हाई, आये," जोतीराम म्हणाला.